ओ आली तरच गोष्ट

विहिरीची ती गोष्ट हरेश्वरकाकांनी सांगितली नव्हती. मी सांगितली होती. ही दोन वाक्यं मी आजवर कुणापुढे उच्चारलेली नाहीत, घरातसुद्धा नाही. काका असते तर कदाचित अजूनही उच्चारली नसती... आणि ते असतानाच ती उच्चारायला हवी होती, हे मला कुणी समजावून सांगायची गरज नाही.

काका गेले त्याला आता महिना होत आला. त्यांच्या मुलीचा, संगीताचा फोन आला तेव्हा मी विरारच्या बाजारात भाजीवाल्यासमोर उभा होतो, हातात अळूची जुडी. "बाबा गेले," एवढंच ती म्हणाली. मी "निघतोच" म्हणालो. फोन खिशात टाकताना मनात जे पहिलं आलं ते लिहायला लाज वाटते. दुःख नंतर आलं. आधी सुटल्यासारखं वाटलं. आता ते कधीच विचारणार नाहीत, असं वाटलं. त्या सुटकेचं काय झालं ते पुढे येईलच.

ज्यांनी काकांबरोबर रविवारची फेरी केली आहे त्यांना काका कोण हे सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगतो. ते मूळचे वटारचे, बागायतदारांच्या घरातले. केळी आणि पानवेली भावांवर सोपवून तरुणपणी वसई गावात आले आणि बाजारात फोटो स्टुडिओ काढला. देवळातल्या मुंजी, चर्चमधली लग्नं, बारशी, दाखल्यांवरचे फोटो... अर्ध्या वसईनं कधी ना कधी काकांच्या सांगण्यावरून मान तिरकी केलेली आहे. मग मोबाइल आले, जो तो आपली मान आपणच तिरकी करू लागला आणि स्टुडिओचं शटर अर्ध्यावर आलं. दुसरा कुणी हळहळत बसला असता. काकांनी लोकांना गाव दाखवायला सुरुवात केली. होळी नावाच्या बाजारापासून पारनाक्याकडे, तिथून झेंडाबाजारातून किल्ल्याच्या वाटेला, रमतगमत, दर रविवारी सकाळी. शहाणी माणसं त्याला हेरिटेज वॉक म्हणत. काका फेरीच म्हणायचे. "वॉक डॉक्टरनं सांगितलेला असतो," म्हणायचे, "फेरी आपल्या मनानं मारायची."

फेरी किल्ल्याच्या दरवाज्याशी संपायची. आत ते कुणाला नेत नसत. मुंबईहून आलेली माणसं हिरमुसायची, की अहो, किल्ला तर राहिलाच. काका म्हणायचे, "किल्ला कुठे जात नाही. पोर्तुगीज गेले, मराठे गेले, इंग्रज गेले, तो आपला उभाच आहे. तुम्ही जा, बघा. घरं मात्र आज आहेत, उद्या टॉवर." आणि घरं दाखवायची त्यांची एक पद्धत होती. ती मी नंतर दुसऱ्या कुठल्याही गाइडमध्ये पाहिली नाही. कुठल्याही घराची गोष्ट ते स्वतः सांगत नसत. घरासमोर थांबायचं, माणसांना मागे उभं करायचं आणि दारातून हाक मारायची. आतून ओ आली, घरातलं कुणी बाहेर आलं, तर ज्याचं घर त्याच्या तोंडून जे निघेल ते ऐकायचं. मग तो केळी वाळवून सुकेळी करायची युक्ती सांगो, पणजोबांचा पानांचा व्यापार सांगो, की जावयाची तक्रार सांगो. ओ आली नाही तर पुढे चालायचं. त्या घराबद्दल एक अक्षर नाही. माणसं कुरकुरायची, "काका, तुम्हाला माहीत असेल की, तुम्हीच सांगा." काका मान हलवायचे. "मला माहीत आहे म्हणून माझी झाली का गोष्ट? ओ आली तरच गोष्ट."

दुसरा नियम फोटोंचा. लोकांच्या ओट्यावर कुणी मोबाइल वर करायचा नाही. जन्मभर फोटो काढलेल्या माणसाचा हा नियम ऐकून सगळे हसायचे आणि काकांना ते हसू आवडायचं. त्यांच्या हातात कायम एक लाकडी स्टूल असे. लग्नातल्या ग्रुप फोटोच्या वेळी ज्यावर उभं राहून ते मागच्या रांगेतल्या माणसांना "थोडं डावीकडे" सांगत, तेच. चार पायांचं, बुटकं, फळीच्या मधोमध हात घालायला लांबट भोक असलेलं. गुडघा दुखायला लागल्यावर ते त्यावर बसू लागले. कुणाच्या ओट्यावर बोलावल्याशिवाय बसायचं नाही, म्हणून बसायची सोय बरोबर घेऊनच फिरायचे.

मी त्यांना भेटलो तो पासपोर्टच्या फोटोसाठी. मी इकडचा नाही. नोकरीमुळे मुंबईला आलो, परवडलं म्हणून विरारला फ्लॅट घेतला आणि कितीतरी वर्षं वसई म्हणजे गाडी थांबते ते एक स्टेशन यापलीकडे मला माहीत नव्हती. त्यांनी मला खुर्चीत बसवलं, हनुवटी दोन बोटांनी वर केली आणि विचारलं, "कुठले?" मी म्हणालो, विरार. "विरारला कुणी कुठला नसतो हो. विरारला नुसता झोपायला जातो," म्हणाले, आणि मी हसलो तेव्हा खटका दाबला. पासपोर्टला तो फोटो चालला नाही, दात दिसत होते. दुसरा काढायला गेलो तो त्या रविवारी फेरीलाच गेलो, आणि मग पुष्कळ वर्षं जात राहिलो. माणसांचे फोन घेणं, मेसेज पाठवणं, पत्ता न सापडणाऱ्यांना रिक्षावाल्याशी बोलून आणणं ही कामं हळूहळू माझ्याकडे आली. "अहो" चा "अरे" कधी झाला ते कळलं नाही. मी मुळात कमी बोलणारा. ऑफिसात माझ्याविषयी असा समज आहे की मी विचारी आहे. खरं तर मला शब्द वेळेवर सुचत नाहीत. काकांबरोबर शब्द सुचायची गरजच नसायची, स्टूल धरलं की झालं.

आता काकी. म्हणजे काकांच्या बायको नव्हेत, फेरीतल्या एका घरच्या. त्यांना इथे सुंदराकाकी म्हणतो. हे नाव खरं नाही, आणि घराची जी काही खूण या लेखात येईल तीही मी मुद्दाम बदलली आहे. झाकलेल्या विहिरी वसईत पुष्कळ आहेत, तेव्हा ओळखीच्या कुणी अंदाज बांधू नये, ही विनंती. काकी खाडीकडच्या भातशेतीच्या गावातून लग्न होऊन बाजारातल्या घरात आलेल्या. काकांपेक्षा वयानं मोठ्या आणि जिभेनं त्याहून मोठ्या. फेरीतलं ते शेवटून दुसरं घर, पण खरी फेरी तिथेच व्हायची. काकांची हाक गल्लीच्या तोंडाशी असतानाच आतून ओ यायची. "आलास काय पलटन घेऊन? न्हाऊन तरी आलेत ना सगळे?" मग काका स्टूल मांडायला लागले की, "ते ठोकळं तिकडं ठेव. माझ्याकडं खुर्च्या नाय काय?" त्या घरी काका खुर्चीवर बसायचे. स्टुलावर मग काकी अबोलीची टोपली ठेवायच्या आणि बोलता बोलता गजरा करायच्या. अंगणात विहीर होती, तिच्यावर सिमेंटची लादी टाकलेली आणि लादीवर फुलांच्या कुंड्या. एकदा कुणीतरी विचारलं, "आजी, ही विहीर किती जुनी?" काकी म्हणाल्या, "माझ्यापेक्षा जुनी. पन मी बोलते, ती बोलत नाय." सगळे हसले. मग त्या नेहमी सांगायच्या तसं सांगायच्या, की अख्खा बाजार या विहिरीचं पानी प्यायचा, गोड पानी, भात त्याच्यात शिजवला की वास सुटायचा. आणि मग पानी खारं झालं, म्हनून झाकली. एवढं सांगून सगळ्यांना तांब्याभांड्यानं पाणी द्यायच्या. "हे नळाचं हाय, घाबरू नका."

एका रविवारी मी शहाणपणा केला. विहिरींचं पाणी खारं होण्याबद्दल कुठेतरी वाचलं होतं, तर मी विचारलं, "काकी, पाणी तपासून घेतलं होतं का? आता कदाचित गोडं झालं असेल." काकींचे हात गजऱ्यावर थांबले. दोरा बोटाला गुंडाळलेला तसाच राहिला. काकांनी लगेच, "काकी, ताडगोळे आले का गं बाजारात?" असं काहीतरी विचारलं आणि हात पुन्हा चालू झाले. फेरी संपल्यावर काकांनी मला स्टुडिओत नेलं, पंखा लावला आणि ती विहीर का झाकली ते सांगितलं. ते त्या घराचं दुःख होतं. काकींचं स्वतःचं, त्यांच्या तरुणपणीचं. त्यांनी ते काकांखेरीज बाहेरच्या कुणाला सांगितलं नव्हतं. मी इथे ते लिहिणार नाही. एकदा बोललो तेवढं पुरे झालं. काका शेवटी म्हणाले ते मात्र शब्दन्‌शब्द आठवतं. "तुला सांगितलं ते तू तिला परत विचारू नयेस म्हणून. दुसऱ्याला सांगावंस म्हणून नाही."

"एवढं कळतं मला काका," मी म्हणालो.

पुढे काही महिन्यांनी काकांना ताप आला. फेरी रद्द करू म्हणालो तर ऐकेनात. "तू ने. तुला सगळं येतं. हाक मार आणि गप्प राहा, तुझा स्वभावच आहे." मी स्टूल घेतलं आणि निघालो. काकांचं स्टूल हातात असलं की आपण काकाच आहोत असं वाटेल, अशी माझी कल्पना. तसं काही झालं नाही. पारनाक्याला माझा आवाज रिक्षांच्या खाली दबला. दोन घरांतून ओ आली, पण घरची माणसं "काका नाही आले?" विचारून आत गेली. पंधरा-वीस माणसं होती, मुंबईची, हौशी, त्यांना मी कंटाळवाणा वाटत होतो हे मला त्यांच्या मोबाइलकडे वळणाऱ्या माना सांगत होत्या. काकींच्या घराशी आलो तर दाराला कडी. मी तरी हाक मारली. दुसऱ्यांदा मारली. शेजारची बाई म्हणाली, ते सगळे माहेरच्या लग्नाला गेलेत.

नियम सरळ होता. पुढे चालायचं. एक गृहस्थ म्हणालेसुद्धा, "बंद है तो चलो आगे, यहाँ वैसे भी क्या है, ढका हुआ कुआँ." त्यांची बायको जांभई देत होती. काका या जागी आले की माणसं आपोआप गोळा होऊन उभी राहायची, कुणी न सांगता आवाज खाली यायचा, हे मी इतकी वर्षं स्टूल धरून पाहिलं होतं. तसं आपल्यासमोर एकदा तरी व्हावं, असं मला वाटलं. याहून मोठं कारण माझ्याकडे नाही. शोधून पाहिलं. मी म्हणालो, "पाणी खारं झालं म्हणून झाकली असं सांगतात... पण खरं कारण वेगळं आहे." आणि सांगितलं. काकींच्या कुंपणाबाहेर उभं राहून, त्यांच्या घराला कडी असताना.

सगळे गप्प झाले. जांभई देणारी बाई पुढे आली, तिच्या डोळ्यांत पाणी. कुणीतरी हळूच मोबाइल वर करून लादीचा फोटो काढला, मी पाहिलं आणि अडवलं नाही. खोटं कशाला लिहू, मला ती शांतता आवडली. किल्ल्यापर्यंत ती माणसं माझ्या भोवतीनं चालत होती. जाताना त्या गृहस्थांनी माझा हात हातात घेतला.

त्यांच्यापैकीच कुणीतरी त्या आठवड्यात लिहिलं. वाईट हेतूनं लिहिलं असं म्हणता येत नाही, भारावून लिहिलं. फोटो, खाली ती हकीकत, आणि वर "हरेश्वरकाकांच्या फेरीत ऐकलेली". फेरी काकांची, म्हणजे गोष्टही काकांची, मी कोण हे कुणाच्या लक्षात राहण्यासारखं नव्हतंच. मोबाइलवरून मोबाइलवर फिरत फिरत ते वसईतच परत आलं, काकींच्या सुनेपर्यंत. मला ते बुधवारी कळलं. बुधवार, गुरुवार, शुक्रवार मी काकांना फोन करण्यासाठी मोबाइल हातात घेत होतो आणि ठेवत होतो. त्यांच्याकडे तसला मोबाइल नव्हता. त्यांना काहीच माहीत नव्हतं.

रविवारी काका बरे होऊन आले, जरा अशक्त, पण खुशीत. गल्लीच्या तोंडाशी त्यांनी हाक मारली. ओ आली नाही. पुढे गेलो तर काकी ओट्यावर उभ्या होत्या. खुर्च्या बाहेर काढलेल्या नव्हत्या. सून मागे दारात, हातात मोबाइल.

"काय गं काकी, बरं नाही का?"

"तुलाच सांगितलेलं मी," काकी म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. "तुझ्या बायकोला पन सांगू नको बोललेले. आता लोक माझी विहीर बघायला येतात. काल दोघं आले, कुंडी सरकवून फोटो काढत होते."

काकांना समजायला थोडा वेळ लागला. सुनेनं मोबाइल त्यांच्यापुढे धरला, त्यांनी चष्मा काढून पुसला, वाचलं. मी त्यांच्या शेजारी, हातभर अंतरावर उभा होतो. ते माझ्याकडे वळून बघतील, मग मी बोलेन, असं मी ठरवलं. नुसतं वळायचं होतं त्यांनी. ते वळले नाहीत. मोबाइल सुनेला परत दिला आणि म्हणाले, "चुकलं माझं, काकी."

"पानी खारंच झालेलं, हरेश्वरा," काकी म्हणाल्या. "मी काय खोटं बोलत नव्हते. माझ्यापुरतं खारंच झालं ते."

आणि आत जाऊन त्यांनी दार लावलं. आमच्या मागे उभ्या असलेल्या नव्या माणसांना यातलं काही कळलं नव्हतं. काका त्यांना घेऊन नाक्यापर्यंत आले, स्टूल मांडलं, बसले आणि पानाच्या बाजाराबद्दल बोलले. वसईची पानं कुठवर जायची, ती ओल्या फडक्यात कशी बांधायची. आवाजात काही फरक नव्हता. हात मात्र स्टुलाच्या त्या भोकाची कड चाचपत होता. फेरीनंतर आम्ही नेहमीसारखा चहा प्यायलो. मला वाटलं, आता विचारतील. बशीत चहा ओतून ते फुंकर घालत राहिले आणि म्हणाले, "पुढच्या वेळी पारनाक्याचं तू बोल. आवाज जरा मोठा काढ." बस. त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. पुढची सगळी वर्षं मी स्वतःला हेच सांगत आलो, की विचारलं असतं तर सांगितलं असतं.

त्यानंतर काकांची फेरी बदलली असं कुणाला दिसलं नसेल. मला दिसत होतं. दोन-तीन घरांतून ओ येणं कमी झालं. दार उघडायचं, पण माणसं मोजकं बोलायची, एखादी बाई बोलता बोलता थांबून काकांकडे बघायची, की हे पुढे कुठे जाईल. ज्या माणसानं आयुष्यात एका घराची गोष्ट दुसऱ्या घरात नेली नाही त्याच्याकडे... आणि काकींच्या दारासमोर काका दर रविवारी थांबायचे. "काकी, आहेस का गं?" आत भांडी वाजत असायची, रेडिओ लागलेला असायचा. ओ यायची नाही. ते थोडा वेळ उभे राहायचे आणि पुढे निघायचे. एकदा फेरीतल्या एका मुलीनं विचारलं, इथे कधीच कुणी उत्तर देत नाही, मग हाक कशाला मारता? "हाक मारायचं काम आपलं," काका म्हणाले. मी स्टूल धरून मागे उभा होतो. तिथे, त्या दारासमोर, प्रत्येक रविवारी मला सांगता आलं असतं. दोघंही हाकेच्या अंतरावर होते, अगदी शब्दशः. एक आत, एक बाहेर.

मग गुडघ्यानं साथ सोडली आणि फेरी थांबली. आता कानाला माइक लावलेले गाइड माणसं घेऊन येतात, रंगीत झेंडी वर धरून. प्रत्येक घराची गोष्ट सांगतात, दारं बंद असतात. त्यांना नावं ठेवायचा अधिकार मला नाही. तशी गोष्ट सांगणारा पहिला मीच.

शेवटचा भेटलो तो पावसाळा सरतानाची दुपार होती. काका खाटेवर, खिडकीशी. अंगात काही उरलं नव्हतं, चेहरा तेवढा तसाच. इकडचं तिकडचं बोललो. त्यांनी माझ्या मुलाचं विचारलं, विरारला पाणी येतं का विचारलं. मग डोळे मिटून पडले. मला वाटलं झोपले. मी उठणार इतक्यात म्हणाले, "मिलिंद... मला ताप आलेला त्या रविवारी फेरी तूच नेली होतीस ना रे?"

इतक्या वर्षांनी त्यांनी वळून बघितलं होतं. दार उघडून धरावं तसं त्यांनी ते वाक्य धरलं होतं, मला फक्त आत यायचं होतं. आणि मी म्हणालो, "कुठल्या रविवारी काका? आता आठवत नाही."

ते माझ्याकडे बघत राहिले. रागानं नव्हे. फोटो काढण्याआधी माणूस नीट बसलाय का हे बघताना त्यांची नजर असायची तशी. मग जरासं हसले. "राहू दे. जुनं झालं. ते पाणी दे जरा."

मी पाणी दिलं. भांडं त्यांच्या ओठांना लावलं. त्यांनी मला सोडवायचा प्रयत्न केला होता हे मला जिना उतरताना कळलं, आणि कळूनही मी परत वर गेलो नाही. रिक्षा मिळत होती, संध्याकाळी घरी पाहुणे यायचे होते. पुन्हा येईन तेव्हा, असं ठरवलं. पुन्हा आलो तो त्या फोननंतर.

त्यांच्या दहाव्याला गाव लोटलं होतं. काकांनी ज्यांचे लग्नाचे फोटो काढले त्यांची नातवंडंसुद्धा आली होती. चर्चमधले फादर येऊन गेले. सुंदराकाकी आल्या नाहीत. त्यांचं घर काही दूर नाही. माणसं पांगल्यावर संगीता माझ्याजवळ येऊन बसली. "सुंदराकाकी नाही आल्या," ती म्हणाली. "लहानपणी मी त्यांच्या ओट्यावर खेळायचे हो. बाबांनी त्यांचं असं काय केलं होतं? बाबांना विचारलं तर म्हणायचे, माझीच चूक झाली. तुम्हाला माहीत असेल ना दादा? तुम्ही तर नेहमी बरोबर असायचात."

मी म्हणालो, "नाही गं. मला नाही माहीत."

भाजीच्या बाजारात वाटलेली सुटका तिथे संपली. जिवंतपणी मी त्यांना गप्प राहून अडकवलं होतं. मेल्यावर तोंडानं अडकवलं. संगीतानं डोळे पुसले, आत गेली आणि ते स्टूल घेऊन आली. "हे तुम्हाला द्यायला सांगितलं होतं बाबांनी. म्हणाले, मिलिंदला दे, त्याला लागेल."

कशाला लागेल ते त्यांनी सांगितलं नव्हतं, की संगीताला आठवत नव्हतं, कोण जाणे. स्टूल आता माझ्या हॉलमध्ये आहे. फळीचा रंग मधोमध उडाला आहे, जिथे काका बसायचे तिथे, आणि एका कोपऱ्यात अबोलीचा पुसट केशरी डाग आहे, काकींच्या टोपलीचा. फळीच्या भोकाची कड आतून गुळगुळीत झाली आहे. बायकोनं त्याच्यावर कुंडी ठेवू का विचारलं. मी नको म्हणालो. का ते सांगितलं नाही. आता ती हे वाचेल.

संगीताही वाचेल. हे छापायला देण्याआधी तिला फोन करायला हवा होता, तो केलेला नाही. शेकडो अनोळखी माणसांपुढे कबूल होणं मला सोपं वाटलं, संगीता आणि काकी या दोघींपुढे नाही. काकी तर हे वाचणारही नाहीत. त्यांना आता डोळ्यांनी नीट दिसत नाही, आणि सुनेनं वाचून दाखवावं असा हा मजकूर नाही. छापून आलं म्हणजे सांगून झालं, अशी पळवाट मी स्वतःला ठेवू नये म्हणून हे लिहून ठेवतो.

मागच्या रविवारी मी स्टूल घेऊन वसईला गेलो होतो. होळीपासून चालत निघालो, एकटाच. गल्लीच्या तोंडाशी आलो, पुढे गेलो. दार उघडं होतं, आत रेडिओ चालू होता, लादीवर कुंड्या होत्या. मी हाक मारायला तोंड उघडलं... आणि नाक्यापर्यंत चालत गेलो. तिथे स्टूल मांडून बराच वेळ बसलो आणि तसाच परत आलो.

संगीताला फोन करायचा आहे. आणि काकींच्या दारासमोर उभं राहून हाक मारायची आहे. ओ आली तर सांगायचं आहे, "काकी, हरेश्वरकाका बोलले नव्हते. मी बोललो होतो." ओ आली नाही तर पुढच्या रविवारी परत जायचं आहे. हे देणं बाकी आहे.